मामाजींचं एक्स्चेंज

७ मे

नागपूरला उतरलो. दोनच दिवस थांबायचं आहे म्हणून बॅग पूर्ण उघडली नाही, वरचा कप्पा तेवढा उघडला.

गोकर्णच्या हॉस्टेलातलं काम संपलं, म्हणजे मीच संपवलं. हिमाचलातल्या हॉस्टेलवाल्याने महिना संपायच्या आत ये म्हटलंय. मधले दिवस काढायला काटोलला घर आहे, पण घरात बाबा आहेत. पॉलिटेक्निक सोडलं तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आईला फोन केला की ती म्हणते, बाबा वावरात आहेत. बाबा नेहमीच वावरात असतात. म्हणून इथे नंदनवन वस्तीत यमुआत्याकडे आलो. ती बाबांची चुलत बहीण.

येताना रस्त्यावर एक माणूस कूलरच्या जाळ्यांत नवी खस भरत होता, ते पाहत उन्हात उभा राहिलो. कसा ओल्या हाताने थापतो, छान वाटलं. जेवण थंड झालं. आत्या रागावली नाही, पुन्हा गरम केलं.

आत्याचे यजमान कृष्णकांत. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाजी म्हणतात. लहानपणापासून डोळ्यांनी दिसत नाही. एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते, आता घरी. मी दारात बोलायच्या आधीच म्हणाले, "पियुष आला वाटते. उजवी चप्पल घासत चालते हा." मी स्वतःला चालताना कधी ऐकलं नव्हतं.

८ मे

मामाजींच्या फोनच्या उद्योगाला आत्या एक्स्चेंज म्हणते, ते आज पाहिलं. म्हणजे ऐकलं.

संध्याकाळी सातला मामाजी कॉम्प्युटरपुढे बसतात. कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. आधी एक मुलगा येऊन सगळं फुकट बसवून देत असे, तो आता परदेशी गेला आणि फोन उचलत नाही. पडद्यावर जे असेल ते कॉम्प्युटर वाचून दाखवतो, पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारख्या आवाजात. मामाजी त्या आवाजाला मास्तर म्हणतात. मास्तर इतका भरभर बोलतो की मला एक शब्द कळला नाही. मामाजी एका कानात मास्तर घेतात, दुसऱ्या कानाला बटणांचा फोन लावतात, आणि एकेकाला जोडत जातात. उमरेडचे रुपराव, काटोलच्या पुष्पलताबाई, आणखी दोघे-तिघे. सगळे न दिसणारे. मास्तर पेपर वाचतो आणि मामाजी तो त्यांना आपल्या बोलीत सांगतात. "लाइनवर या" म्हणून सुरू, "लाइन सोडतो" म्हणून बंद.

मी विचारलं, रेडिओ नाही का सगळ्यांकडे? म्हणाले, "रेडिओले उलटा प्रश्न विचारता येते काय?"

खरंच, रुपराव दर बातमीला उलटा प्रश्न विचारतात.

९ मे

वाईट झालं. माझ्या हातून झालं.

मामाजी म्हणाले मास्तर हल्ली मधेच अडखळतो. मी म्हटलं बघतो. हॉस्टेलच्या रिसेप्शनवरचा कॉम्प्युटर लिनक्सचा होता, तिथे मी चार कमांड शिकलो होतो आणि चाळीस शिकलो असं समजत होतो. बघितलं तर केवढंतरी अपडेट साचलेलं. सुरू केलं. ओळी पळायला लागल्या, मला उगाच मोठं काही करून राहिलो असं वाटायला लागलं.

तेवढ्यात सगळं बंद. पंखा, कूलर, कॉम्प्युटर.

मागच्या अंगणातून पाण्याचा आवाज. आत्या कूलर भरत होती. या घरात कूलर भरायच्या आधी मीटरजवळचं मेनच बंद करतात. एकदा टाकी भरताना पाणी खाली सांडलं, मामाजींना ते दिसलं नाही, आणि हात लावला तर शॉक बसला, कूलरने धरून ठेवलं. तेव्हापासून आत्या नुसतं कूलरचं बटण बंद करून थांबत नाही, सगळ्या घराची वीज बंद करते. रोज दोनदा. मामाजी त्या वेळी कॉम्प्युटर लावतच नाहीत. मलाच ठाऊक नव्हतं.

वीज आली. कॉम्प्युटर चालू झाला, पण मास्तर बोलला नाही. मामाजी कीबोर्डवर हात ठेवून बसले होते. मग हात मांडीवर घेतले.

आत्याने दारातून विचारलं, "माह्यानं काही झालं काय गा?" मी म्हटलं नाही आत्या, माझ्यानेच. मामाजी म्हणाले, "कोणाच्यानं झालं ते राहू दे. सातले काय करायचं ते सांग."

सातला मामाजींनी सगळ्यांना जोडलं आणि आज बातम्या नाहीत म्हणून सांगितलं. पलीकडून कोणी लगेच फोन ठेवला नाही. नुसते बसून राहिले लाइनवर.

१० मे

काय झालं ते समजून घेतलं. कॉम्प्युटरमध्ये एक फाइल असते. कोणकोणती पॅकेजं बसवलीत, कोणाला कोणाची गरज लागते, कोणतं अर्धं बसलंय, सगळं तीत लिहिलेलं. अपडेट करताना तीच लिहिली जात होती आणि वीज गेली. उघडून पाहिली तर नुसती वेडीवाकडी चिन्हं. आता कॉम्प्युटरला स्वतःच्या घरात काय आहे तेच माहीत नाही. काही बसवायला सांगितलं की यादीच वाचता येत नाही म्हणून थांबतो.

दुपारी मामाजींना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे सामान आहे, पण कुठं काय ते माहीत नाही. हो म्हटलं. जरा हसले.

संध्याकाळी आत्या म्हणाली, पेपर तर हाय ना घरात, याले वाचू द्या. मी कधी मोठ्याने वाचलेलं नाही. शाळेत उभं केलं की पाणी प्यायला जाऊ का विचारायचो. मामाजींनी फोन माझ्यापुढे धरला. मी पाण्याच्या टँकरची बातमी वाचायला घेतली आणि मधेच आठवलं की गोकर्णला टँकरवाला गाणी लावून यायचा, मुलं मागे धावायची. ते सांगत सुटलो. मग लक्षात आलं की बातमी राहिली.

रुपराव म्हणाले, "राहू दे ते. टँकरवाला कोणतं गाणं लावे?"

११ मे

महाल भागात गेलो. गौरांगचं दुरुस्तीचं दुकान आहे, माझ्याबरोबर पॉलिटेक्निकला होता, त्याने पूर्ण केलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, फॉरमॅट मार. कॉम्प्युटरचं काहीही सांगा, गौरांग फॉरमॅट मार म्हणतो.

परत येताना एका गल्लीत बँडवाले लग्नाचा सीझन म्हणून वाद्यं घासून राहिले होते, तिथे थांबलो. एकाने मला तुतारी धरायला दिली. पेन ड्राइव्ह घ्यायला गेलो होतो तो राहिलाच.

मामाजींना फॉरमॅटचं विचारलं. त्यांनी मास्तरला माणसांची नावं नीट उच्चारायला शिकवलंय, वर्षं लागली. शिवाय सगळी बटणं त्यांच्या बोटांच्या सवयीची. ते निघून तर जाणार नाही ना, म्हणाले. मी म्हटलं बहुतेक नाही. म्हणाले, "बहुतेकवर नको गा." मग फॉरमॅट नको.

सातला वाचलं. पुष्पलताबाईंनी श्रद्धांजलीचं पान पूर्ण वाचायला लावलं. कोणी ओळखीचं निघालं की म्हणतात, बरं झालं कळलं.

१२ मे

हिमाचलवाल्याचा मेसेज. येतो म्हटलं.

आत्या स्वयंपाकघरात कुणाशी हळू फोनवर बोलत होती. "सातले. फक्त आयकजो. बोलजो नोको." भिशीतली कुणी असेल, सिरियलचं सांगत असेल.

आज लाइनवर एक नवीन माणूस होता. मामाजींनी शेवटी जोडला, नाव सांगितलं नाही. बोलला नाही. मागे विहिरीवरच्या मोटरचा घरघर आवाज येत होता, माझं वाचणं नीट ऐकू जाईना असा. मी दोन ओळी वाचल्या असतील तेवढ्यात मोटर बंद झाली. मग शांत.

१३ मे

आणखी बिघडवलं.

इंटरनेटवर कुणी लिहिलं होतं की पॅकेजांच्या माहितीचा फोल्डर बाजूला सारा, तिथे नवा रिकामा फोल्डर करा, सगळं ठीक होईल. केलं. आता यादी वाचता येत नाहीच, वर कोणत्या पॅकेजात कोणत्या फाइली तेही गेलं. लिहिणाऱ्याच्या खाली दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, असं कधी करू नका. ते मी नंतर वाचलं. मी नेहमी खालचं नंतर वाचतो.

मामाजींना सांगायला लाज वाटत होती. सांगितलं. ते कीबोर्ड पुसत होते. रोज पुसतात, बंद असला तरी. विचारलं, फेकला तर नाही ना तो फोल्डर? मी म्हटलं नाही, नाव बदलून बाजूला ठेवलाय. "मग बाजूले आहे ना. बाजूले असलं की सापडते."

आज सातला तोच मोटरवाला. आला की मोटर बंद करतो, लाइन सोडायच्या आधी मागे ती चालू होताना ऐकू येते. आंबिया बहार धरलेल्या संत्र्याच्या झाडांना मेमध्ये पाण्याचा खाडा चालत नाही, आणि वीज किती तास राहील ते कुणाला माहीत. काटोलकडे असं कोणी करणार नाही. कोणी वेडा असेल.

१५ मे

मदत करायला गेलो आणि पुन्हा तेच.

आत्या बाजारात गेली होती. मी म्हटलं स्वयंपाकघरातले डबे घासून ठेवू. सगळे स्टीलचे, एकसारखे. त्यांना रबर बँड गुंडाळलेले, कुठे एक, कुठे दोन, कुठे दोऱ्याची गाठ. मला वाटलं झाकण सैल असेल. काढले, घासले, चकचकीत करून ओळीने लावले. रबर बँड फेकून दिले.

मामाजी चहा करायला आले. स्वतःचा चहा ते स्वतःच करतात. डब्यावर बोट फिरवलं, दुसऱ्यावर फिरवलं, तिसऱ्यावर. मग सगळ्या डब्यांवर हात फिरवून थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, पण ओट्याला हात टेकून उभे राहिले.

तेव्हा कळलं मला. एक म्हणजे चहापत्ती, दोन म्हणजे साखर, गाठ म्हणजे मीठ.

मी म्हटलं मामाजी, मी करतो चहा. म्हणाले, नको, एकेक झाकण उघड. मी उघडत गेलो, ते वास घेत गेले. हलवून ऐकत. तूर आणि मूग हलवून ओळखले. साखर आणि रवा जिभेवर. मी जुने रबर बँड कचऱ्यातून काढून धुतले आणि ते सांगतील तसे चढवले. एक डबा ओळखूच येईना. आत्या आली, तिने उघडून पाहिलं आणि म्हणाली ह्या तर गेल्या वर्षीच्या संत्र्याच्या साली, वाळवलेल्या, शालिकदादानं पाठवल्या होत्या. फेकायच्या राहिल्या म्हणाली. पण फेकल्या नाहीत. झाकण लावून ठेवल्या.

शालिकदादा म्हणजे बाबा. बाबांनी कुणाला काही पाठवलं असेल हे मला नवीनच.

आज कॉम्प्युटरला हात लावला नाही. वाचलं मात्र. रुपराव म्हणाले आवाज आज बसला वाटते पोराचा.

१६ मे

डब्यांसारखंच करायचं ठरवलं. एकेक उघडून पाहायचं, काही फेकायचं नाही. आधी बाजूला ठेवलेला फोल्डर परत जागेवर ठेवला. मग प्रत्येक कोपरा उघडून पाहत सुटलो, आणि भरकटत एका फोल्डरात गेलो जिथे माझं काही काम नव्हतं. तिथे त्याच यादीच्या जुन्या प्रती. कॉम्प्युटर स्वतःच रोज एक प्रत काढून ठेवतो, न सांगता. मी अपडेट चालवायच्या आदल्या दिवशीची प्रत धड होती.

किती दिवस तिथेच होती ती, मी पाहिलं नव्हतं.

ती प्रत मोडक्या फाइलीच्या जागी ठेवली. कॉम्प्युटरने यादी वाचली. अजून मास्तर नाही, पण आता निदान काय नाही ते सांगतो.

१८ मे

आधी आत्याला जाऊन सांगितलं, मेन बंद करायच्या आधी आवाज दे. ती म्हणाली, देते बापा. दिवसभरात किती वेळा आवाज दिला, "करू काय बंद? करू काय बंद?" कूलर भरलेला असतानाही एकदा विचारून गेली.

अर्धवट उतरलेली पॅकेजं फेकली, पुन्हा उतरवली, एकेक बसवलं. कोणती फाइल तुटली ते तपासणारं एक पॅकेज मिळालं, ते लावलं. ते नुसतं चूक असेल तेवढंच बोलतं, बाकी गप्प. ओळीमागून ओळ येत होती, प्रत्येक ओळ म्हणजे एक तुटलेली फाइल. मामाजी शेजारी खुर्ची घेऊन बसले. मी काय काय करतो ते त्यांना मोठ्याने सांगत होतो, सातच्या बातम्यांसारखं. सांगता सांगता मला स्वतःलाच समजायला लागलं. त्यांनी विचारलं, पॉलिटेक्निकात हेच शिकवत काय? मी म्हटलं नाही, तिथे कोणी शेजारी बसत नव्हतं.

उगाच बोललो असं वाटलं. त्यांनी खुर्ची जरा जवळ ओढली.

आवाजाच्या पॅकेजातली मुख्य फाइल रिकामी निघाली. नाव आहे, आत काही नाही. उद्या ती.

१९ मे

मास्तर बोलला. "स्क्रीन रीडर चालू."

मामाजींनी हेडफोन काढला, माझ्या कानाला लावला, परत स्वतः घातला. रुपरावांचं नाव टाइप करून पाहिलं. मास्तरने नीट म्हटलं. पुष्पलताबाईंचं टाकलं. नीट म्हटलं. मग माझं नाव टाकलं. मास्तरने भलतंच काही म्हटलं. मामाजींनी तिथल्या तिथे शिकवलं त्याला. दोन-तीनदा ऐकलं.

आत्याने शिरा केला. साखरेच्या डब्याला दोन रबर बँड, मी पाहिले.

हिमाचलचं तिकीट काढलं. २३ ची गाडी.

२० मे

आज सातला मामाजींनी स्वतः बातम्या दिल्या. मी मागे पडून होतो. नीट चाललं, मास्तर एकदाही अडखळला नाही. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलंच.

सगळ्यात शेवटी जोडलेला तो मोटरवाला मामाजी बोलायला लागले तसा थोड्या वेळाने लाइन सोडून गेला. आत्या स्वयंपाकघरात गेली आणि कुणाला तरी फोन लावला. रुपराव म्हणाले, "मास्तर आला ते चांगलं झालं, पण एक बातमी त्या पोराची होऊ द्या." मामाजींनी फोन माझ्याकडे दिला. मी काही न पाहता जे पुढे आलं ते वाचलं, नाल्यात पडलेल्या गाईला काढल्याची बातमी होती. तेवढ्यात मामाजींनी माझ्या हातातल्या फोनचं बटण दाबलं आणि मोटरवाला परत आला. घरघर, आणि मग बंद.

नंतर मामाजींनी विचारलं, "आयकलं काय? मोटर बंद झाली."

मी म्हटलं लाइट गेली असेल.

"लाइट रोज तू वाचायला लागला की जाते काय गा?"

मी विचारलं, कोण आहे तो? त्यालाही दिसत नाही का? ते म्हणाले दिसते. मी म्हटलं, मग काहून ऐकतो? मामाजी म्हणाले, ऑपरेटरचं काम जोडायचं असते. कोण कोणाशी काय बोलते ते त्यानं सांगायचं नसते, नोकरीभर सांगितलं नाही, आता काय सांगू.

बरोबर आहे.

२२ मे

बॅग भरली. खालचा कप्पा कधी उघडला आठवत नाही, पण सगळं सामान घरभर होतं. एक शर्ट मामाजींच्या दोरीवर, चार्जर आत्याच्या देवापाशी. कॉम्प्युटरला बॅटरीचा डबा जोडून दिला, आत्याने मेन बंद केलं तरी थोडा वेळ तगेल. आत्याने तो डबाही एकदा पुसला.

आत्याला म्हटलं आता आवाज द्यायची गरज नाही. ती म्हणाली, देईन, सवय झाली.

२३ मे, गाडीत

दुपारी निघालो. मामाजी दारापर्यंत आले. चालत जा, ऐकू दे, म्हणाले. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, मुद्दाम चप्पल घासत. वळून पाहिलं तर ते तसेच मान वाकडी करून उभे.

आत्याने डबा दिलाय. भाकरी, झुणका, हिरवी मिरची. खाणार होतो, पण खिडकीत बसलो आणि राहिलं.

सातला माझाच फोन वाजला. मामाजी. "लाइनवर या." मी आजपर्यंत त्या बाजूला नव्हतो कधी. एकेकाचा आवाज आला. रुपराव म्हणाले कुठं पोहोचला रे गाडीवाल्या? मामाजी म्हणाले मास्तर नंतर वाचेल, आधी तू सांग बाहेर काय आहे.

मी सांगायला लागलो. अजून उजेड आहे, जंगल आहे, सागाची झाडं, पानं सगळी गळलेली. खाली कोरडी नदी आणि तिच्या पात्रात कुणीतरी टरबुजांची वाडी केलीय. एक मुलगी हंडा घेऊन उभी आहे आणि गाडीला हात करते आहे. बोगदा आला, आवाज जाईल, थांबा. बोगदा संपला. आहात का?

आहो, आहो, म्हणाले सगळे.

मागे कुठेतरी मोटर चालली होती. ती बंद झाली. मी बोलत राहिलो, पुढच्या स्टेशनचं, भज्यांचं. मग थांबलो, कारण लाइनवर कोणीतरी घसा खाकरला आणि बोलला. इतके दिवस न बोललेला.

"जेवला काय गा?"

रुपरावांनीही उलटा प्रश्न विचारला नाही. 

हा आवाज ओळखायला मी वेळ लावला नाही. मोटर ओळखायला लावला. आमच्या विहिरीवरची मोटर, सुरू होताना आधी दोनदा अडकते. लहानपणी मीच धावत जाऊन बटण दाबायचो. एवढे दिवस ऐकली आणि ओळखली नाही.

मी म्हटलं, नाही अजून.

"मग जेव."

मी म्हटलं, पाणी द्यायचं राहील बाबा झाडांना.

"राहू दे. तू जेव आधी."

मामाजी म्हणाले, लाइन सोडू नको कोणी. मी फोन खिडकीच्या कठड्याला टेकवला, डबा उघडला आणि भाकरी मोडली. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं जेवलो.